नावातला ‘ळ’

इअरफोन लावलेत ना? आज मी माझीच एक चूक सांगणार आहे.

गेल्या वर्षापासून दर रविवारी दुपारी मी पुण्यातून व्हिडिओ कॉलवर एका मुलीला मराठी शिकवते. ती 12 वर्षांची, राहते नेदरलँड्समध्ये. 2 वर्षांची असताना महाराष्ट्रातल्या एका संस्थेतून दत्तक गेली. तिचं नाव सांगत नाही. एवढंच सांगते, की त्यात ‘ळ’ आहे.

पहिल्या कॉलला मी फुल तयारीत! दिवाळीचे फोटो, लावणीचा व्हिडिओ, शिवनेरीची गोष्ट. अर्धा तास मीच बोलत होते. शेवटी विचारलं, “तुला काही विचारायचंय?” ती म्हणाली, “माझं नाव बरोबर म्हणून दाखव ना.” मी म्हटलं. “परत.” परत म्हटलं. तिनं ते रेकॉर्ड करून घेतलं. तिच्याकडे शाळेत, घरीसुद्धा, सगळे ‘ळ’चा ‘ल’ करतात. मग आमचे धडे तिथूनच सुरू झाले. बाळ, केळं, डोळे, सकाळ.

तिला लिसा स्थळेकरबद्दल सांगितलं. 1979 साली पुण्यात जन्म, ससून रुग्णालयाशी जोडलेल्या ‘श्रीवत्स’मधून दत्तक, पुढे ऑस्ट्रेलियाची कॅप्टन. 2013 चा वर्ल्ड कप तिनं जिंकला तोही मुंबईत. माझ्या विद्यार्थिनीनं एवढंच विचारलं, “तिच्या आडनावातला ‘ळ’ तिला म्हणता येतो का?”

आता चूक. एका रविवारी ती म्हणाली, “ताई, माझी आई कुठे असेल?” माझ्या पोटात कालवलं आणि मी बोलून गेले, “आपण शोधू!” कॉल संपल्यावर व्हॉट्सअ‍ॅपसाठी मेसेज तयारही केला. तिचा लहानपणीचा फोटो, साल, संस्थेचं नाव. पाठवण्याआधी तिच्या डच आईला दाखवला, एवढं नशीब. ती म्हणाली, “ही गोष्ट हिची आहे. गावभर करायचा हक्क ना तुला, ना मला.”

मला राग आला. मग नियम वाचले. भारतात दत्तक प्रक्रियेचं काम ‘कारा’ ही केंद्र सरकारची संस्था बघते. आपली मुळं शोधायला दत्तक गेलेली व्यक्ती 18 वर्षं पूर्ण झाल्यावर स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी पालकांसोबत. तिसऱ्या माणसाला परवानगी नाही. जन्म देणाऱ्या आईनं ओळख उघड करू नका असं सांगितलं असेल, तर तिची संमती लागते.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. कुठल्यातरी गावात ती बाई आज संसार करत असेल, घरात कुणाला काही माहीत नसेल. माझा मेसेज दोन तासांत तिच्या दारात पोचला असता.

पुढच्या रविवारी मी तिला सांगितलं, “मी घाईत बोलले. सॉरी. मला ते करता येणार नाही. मोठी झाल्यावर तुला वाटलं, तर तू शोध.” तिनं विचारलं, “ती मला विसरली असेल का?” हो म्हणवेना, नाही म्हणायला काही आधार नव्हता. मी म्हटलं, “मला माहीत नाही गं.” तिनं कॅमेरा बंद केला.

दोन रविवार कॉल आला नाही. तिसऱ्या रविवारी आला. तिच्या हातात केळं होतं. “केळं,” ती म्हणाली. अगदी स्वच्छ.

तुमच्या ओळखीत असं कुणी पुण्या-मुंबईला आलं, तर ‘खरी आई कोण?’ विचारू नका. ‘नशीबवान आहेस’ असंही म्हणू नका. सणासुदीचं ताट वाढाच, पण साधा वरणभातही खाऊ घाला, भाजी घ्यायला सोबत न्या. आणि सगळ्यात आधी नाव नीट उच्चारा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.