आधी अर्ज, मग प्रदर्शन

आज आम्ही आमची एक चूक सांगणार आहोत. ती आम्हाला महागात पडली, तुम्हाला पडू नये.

मागच्या वर्षी आमच्या बचत गटाने खणाचा एक नवा बटवा शिवला. तोंडाला कमळाच्या पाकळ्या, नाडी ओढली की कळी मिटल्यासारखा दिसायचा. आठ-दहा नमुने उसवले, तेव्हा तो आकार जमला. आनंदाच्या भरात सगळ्यांनी फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवले. तालुक्याच्या प्रदर्शनात बटवे हातोहात खपले. तीन महिन्यांनी तसाच बटवा बाजारात निम्म्या किमतीला लटकलेला दिसला.

आम्ही वकीलबाईंकडे धावलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अर्ज करायच्या आधी हा कुणाकुणाला दाखवलात?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

आपल्याकडे डिझाइन कायदा, २००० आहे. वस्तूचा डोळ्यांना दिसणारा आकार, नक्षी, रंगरेषांची मांडणी यांची नोंदणी त्याखाली होते. पण डिझाइन नवीन हवं. नवीन म्हणजे आपल्या गावात नवीन नव्हे. अर्जाच्या तारखेआधी ते भारतात किंवा जगात कुठेही छापून, विकून, वापरून किंवा अन्य मार्गाने लोकांसमोर आलेलं नसावं. आपण स्वतःच ते उघड केलं, तरी नावीन्य जातं. आमचं तसंच झालं.

एक मैत्रीण म्हणाली, "प्रदर्शनाचं सांगूच नका ना!" वकीलबाईंनी समजावलं, तसं नोंदवलं तरी ते टिकत नाही. हितसंबंध असलेला कुणीही जुना फोटो किंवा पावती दाखवून नोंदणी रद्द करायला अर्ज करू शकतो. शिवाय खोटं ते खोटंच. आम्ही तो विचार सोडला.

जुन्या डिझाइनमध्ये जुजबी फरक केला, तरी ते नवीन ठरत नाही. दोन जुनी डिझाइन जोडली, तरी नजरेत भरेल इतका वेगळेपणा हवा. पैठणीवरचा मोर आपण आपल्या नावावर करू शकत नाही. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, पण तो वेगळा कायदा.

मग काय करायचं? नमुना तयार झाला की आधी अर्ज. एका व्यक्तीच्या नावाने अर्जाची सरकारी फी १,००० रुपये आहे. नोंदणी झाली की १० वर्षं हक्क मिळतो, तो आणखी ५ वर्षं वाढवता येतो. अर्जाआधी शिंप्याला दाखवावंच लागलं, तर बाहेर न दाखवण्याच्या अटीवर दाखवा आणि तसं लिहून घ्या. विश्वासाने दाखवलेलं कुणी फोडलं, तर तेवढ्याने हक्क जात नाही. प्रदर्शनाची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने जाहीर केलेल्या प्रदर्शनांपुरती. तिथेही डिझाइन कार्यालयाला आधी कळवावं लागतं आणि सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. तालुक्याची जत्रा त्यात धरू नका.

कमळाचा बटवा आता सगळ्यांचा झाला. आम्ही अजूनही तो शिवतो, आमची शिलाई पक्की म्हणून गिऱ्हाईक येतं. सध्या दुसरा एक नमुना तयार आहे. तो कसा आहे, ते मात्र आज रेडिओवर सांगणार नाही. अर्ज झाला की सांगू.