वादळापूर्वीची आगोट



कोकणातील घराघराला ‘आगोट’ हा शब्द परिचित आहे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घर शाकारणे, लाकूडफाटा कोरड्या जागी रचणे, डाळ-तांदूळ, पापड, सुकी मासळी यांची बेगमी करणे, ही त्या काळातील कामे. पावसाच्या चार महिन्यांत कोणापुढे हात पसरण्याची वेळ येऊ नये, ही त्यामागील दृष्टी. कोणत्याही शासकीय आदेशावाचून ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. परंतु आज जी आगोट केली जाते ती चक्रीवादळास पुरी पडते काय, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावयास हवा.

अनुभव काय सांगतो? ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ वादळ किनाऱ्यावर आले, तेव्हा पावसाळा सरून गेला होता. ३ जून २०२० रोजी भर दुपारी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेस येऊन धडकले, तेव्हा मृग लागावयाचा होता. मे २०२१ च्या मध्यास ‘तौक्ते’ कोकण किनाऱ्याला समांतर जात गुजरातकडे सरकले, तेव्हा अनेक घरांची शाकारणी व्हावयाचीच होती. तिन्ही वेळा वादळ परंपरागत आगोटीच्या वेळापत्रकाबाहेर आले.

हा योगायोग नव्हे. अरबी समुद्रातील चक्रीवादळे मुख्यतः पावसाळ्याच्या आधी आणि नंतर जन्मतात. ऐन पावसाळ्यात खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांची दिशा आणि वेग यांत मोठा फरक असतो. त्यामुळे वादळाची उभारणी सहसा होऊ शकत नाही. मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हेच महिने धोक्याचे. म्हणून आगोट आता दोनदा करावी लागेल: एक अक्षय्यतृतीयेपर्यंत, दुसरी दसऱ्यापर्यंत.

पहिले लक्ष छपराकडे द्यावे. वारा उघड्या दारा-खिडकीतून आत शिरतो आणि छप्पर आतून वर उचलतो. बाहेरून वाहणारा वेगवान वारा त्याला वर ओढतो. म्हणून कडेच्या ओळींतील आणि आढ्यावरील कौले पक्की बसवावीत, पत्र्यांचे सैल खिळे-बोल्ट पुन्हा आवळावेत, वासे भिंतीवरील तुळईला लोखंडी पट्टीने जखडावेत. घरावर झुकलेल्या फांद्या, नारळाच्या वाळक्या झावळ्या वेळीच उतरवाव्यात. अंगणातील सुटा पत्रा वादळात शस्त्रासारखा उडतो.

दुसरे लक्ष पाण्याकडे. ‘निसर्ग’नंतर कित्येक गावांत वीज दीर्घकाळ आली नाही. विहिरीत पाणी होते, पण पंप बंद पडले. ज्या घरात दोर आणि पोहरा शिल्लक होता, तेथे तहान भागली. शिवाय प्रत्येक माणशी दिवसाला तीन-चार लिटर पिण्याचे पाणी, किमान तीन दिवसांचे, भरून ठेवावे. बॅटरी, सेलवर चालणारा रेडिओ, नित्याची औषधे आणि लहान मुलांचा खाऊ एका पिशवीत असावा. सातबारा, शिधापत्रिका, आधारपत्र, बँकेची पुस्तके प्लॅस्टिकमध्ये बांधून त्याच पिशवीत ठेवावीत. घर आणि बाग यांची छायाचित्रे आधीच काढून ठेवल्यास नुकसानीच्या पंचनाम्याच्या वेळी उपयोग होतो.

मात्र सर्वांत कठीण तयारी मनाची आहे. घर सोडण्याची वेळ येते, तेव्हा वडीलधारी मंडळी नकार देतात. देवघर, गोठा, चार पिढ्यांची वास्तू. पाय निघत नाही, हे स्वाभाविक आहे. पण ओडिशाचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ हे अतितीव्र वादळ त्याच राज्यात आले, तेव्हा आठ लाखांहून अधिक लोक आधीच सुरक्षित स्थळी गेले होते. मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. वाऱ्याचा जोर ओसरला नव्हता. मधल्या चौदा वर्षांत निवारे उभे राहिले, इशारे गावोगाव पोहोचू लागले आणि लोक वेळेवर घराबाहेर पडावयास शिकले.

हवामान विभागाचा पहिला इशारा ७२ तास आधी, तर दुसरा किमान ४८ तास आधी मिळतो. बंदरावर धोक्याचा बावटा चढतो. त्या घटकेला घरात वाद घालत बसणे परवडणारे नाही. कोठे जावयाचे, आजी-आजोबांना कोणी न्यावयाचे, गुरांची दावी कोणी सोडावयाची, गॅस आणि विजेचा मुख्य खटका कोणी बंद करावयाचा, हे एप्रिलमध्येच ठरलेले असावे. आणखी एक गोष्ट मुलाबाळांसह सर्वांना सांगून ठेवावी. वादळाच्या मध्यभागी काही काळ अकस्मात शांतता पसरते. ती वादळाची समाप्ती नव्हे. तो ‘डोळा’ पुढे सरकताच वारा विरुद्ध दिशेने तितक्याच वेगाने येतो. नेमक्या त्या वेळी छपरावर चढलेला माणूस प्राणास मुकू शकतो.

किनारपट्टीवरील अनेक घरांत आज केवळ वृद्ध आई-वडील राहतात. मुले मुंबई-पुण्यात, परदेशात आहेत. गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याने एक फेरी अक्षय्यतृतीयेच्या सुमारासही काढावी. छप्पर स्वतः पाहावे आणि शेजाऱ्याशी नीट बोलून ठेवावे. प्रत्येक वाडीने एकट्या राहणाऱ्या, आजारी, अपंग व्यक्तींची यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे एका तरुणाचे नाव लिहावे. शासनाची यंत्रणा येईल. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांकही भिंतीवर लिहिलेला असावा. पण रस्त्यावर झाडे आडवी पडल्यानंतर पहिली हाक ऐकू जाते ती शेजारच्या घरालाच.

पूर्वजांनी पावसाची वाट पाहिली, ती सज्ज राहून. त्यांच्या वंशजांनी वादळाच्या बाबतीतही तीच सज्जता दाखवावी. यंदाच्या अक्षय्यतृतीयेला सोन्याच्या दुकानात जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबप्रमुखाने एकदा आपल्या घराच्या आढ्याकडे पाहावे.