तालुक्यात राहून शिकावे असे शास्त्र

२०२५च्या जानेवारीत उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेकडे गेले आणि बर्ड फ्लूचे निदान झाले. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या किवळा गावी कोंबड्यांमध्ये हा रोग आढळला. त्याआधी २०२१च्या जानेवारीत परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावाने तो भोगला होता.

अशा वेळी तालुक्याच्या पशुवैद्यकाला काय काय करावे लागते? मेलेले पक्षी उघड्या हाताने कोणी उचलू नयेत हे पाहायचे. नमुना बर्फात ठेवून वेळेत रवाना करायचा. कोणत्या दिवशी, कोणत्या भागात, किती पक्षी मेले याची नोंद ठेवायची. कोंबड्यांत रोग निघाला तर एक किलोमीटरच्या आत कोणाकडे किती पक्षी आहेत आणि दहा किलोमीटरपर्यंत नजर कुठे ठेवायची, हे ठरवायचे. ज्याच्या कोंबड्या नष्ट करायच्या त्याला धीर द्यायचा. बाजारात लोक विचारतात, ‘डॉक्टर, चिकन खावं का?’ त्यांना सांगायचे की नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही, पण कच्चे मांस हाताळताना काळजी घ्या. या साऱ्या धावपळीत एकही जनावर बरे करायचे नसते. माणसे आजारी पडू नयेत, म्हणून सगळा खटाटोप असतो.

या कामाचे शास्त्र म्हणजे पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य. जनावरांतून माणसाला होणारे रोग, दूध-मांस-अंड्यांची शुद्धता, पिसाळलेल्या कुत्र्यांचा बंदोबस्त, जनावरांना दिलेल्या प्रतिजैविकांचा दुधात उतरणारा अंश, हे सारे त्यात येते. पशुवैद्यकाच्या साडेपाच वर्षांच्या पदवीत हा विषय शिकवला जातो. पण बाकीच्या विषयांच्या गर्दीत त्याच्या वाट्याला थोडाच वेळ येतो आणि नोकरीत मात्र त्याची गरज रोज पडते. म्हणून माझे आज एवढेच सांगणे आहे, की नोकरीतल्या पशुवैद्यकाला हा विषय पदव्युत्तर पातळीवर आपला तालुका न सोडता शिकता आला पाहिजे.

एक रोग घेऊन सांगतो. आपल्या भागात देवणी आणि लाल कंधारी गाई आहेत, म्हशी आहेत, उस्मानाबादी शेळ्या आहेत. गाभण गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, वार अडकते. घरातले कोणीतरी उघड्या हाताने वार ओढून काढते आणि उकिरड्यावर टाकते. कुत्री ती ओढून नेतात. यामागे ब्रुसेल्ला नावाचा जंतू असू शकतो. काही आठवड्यांनी त्याच घरातल्या माणसाला ताप येऊ लागतो. संध्याकाळी चढतो, घाम येऊन उतरतो. कंबर, सांधे दुखतात, अंगात त्राण राहत नाही. टायफॉइडची तपासणी होते, मलेरियाची होते, गोळ्या बदलतात. गाय गाभडल्याचे जनावरांच्या डॉक्टरला ठाऊक असते, तापाचे माणसांच्या डॉक्टरला. दोघांची गाठ पडत नाही. गाठ पडली तर रक्ताची एक तपासणी होते, सहा आठवडे नेमाने औषध घेतले जाते आणि बहुतेक रुग्ण बरे होतात.

हा जंतू १८८७मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने माल्टा बेटावर शोधला. तो माणसात येतो कोठून, हे मात्र १९०५मध्ये कळले. थेमिस्टोक्लिस झामित यांनी बेटावरच्या शेळ्या तपासल्या, तेव्हा न उकळलेल्या दुधाचा मार्ग सापडला. माणसाच्या तापाचे मूळ गोठ्यात आहे, हा धडा शंभर वर्षांहून जुना आहे. आपल्या देशात २०१९च्या सप्टेंबरात राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेल्लाची लस आयुष्यात एकदाच टोचायची असते. लस जिवंत जंतूंची असल्याने टोचणाऱ्यालाही जपावे लागते. पण कोणत्या गावात गाभडण्याचे प्रमाण जास्त आहे, कोणत्या गोठ्यात नवे जनावर कोणत्या बाजारातून आले, हे शोधून काढणारा प्रशिक्षित माणूस नसेल, तर लस टोचली जाते आणि रोग कुठे दबा धरून आहे ते कळत नाही.

आणि बाजारांचे म्हणाल, तर आपला मुलूख बाजारांचा आहे. उदगीरजवळचा हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार, लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा, जिथे गाई-बैलांबरोबर घोडे, गाढवे आणि उंटही येतात. उदगीरपलीकडे कर्नाटकातला बीदर जिल्हा, देगलूरपलीकडे तेलंगणा. जनावर तीन राज्यांत फिरते आणि त्याच्याबरोबर रोगही फिरतो. २०२२मध्ये लम्पी आला तेव्हा जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. लम्पी माणसाला होत नाही, तरी लोक दूध घ्यायला घाबरले. तेव्हा शास्त्राच्या आधारे, ठामपणे आणि गावच्या भाषेत बोलणारा पशुवैद्यक जिथे होता, तिथे दूधवाल्यांचे नुकसान टळले.

असा पशुवैद्यक घडवायचा कसा? एम.व्ही.एस्सी. ही पशुवैद्यकाची दोन वर्षांची पूर्णवेळ पदव्युत्तर पदवी आहे. कोलकात्याच्या अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्थेत, म्हणजे १९३२पासून चालत आलेल्या संस्थेत, पशुवैद्यकांसाठी सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. ज्यांना जमेल त्यांनी तिथे जरूर जावे. पण किनवट किंवा निलंग्याच्या दवाखान्यातल्या एकट्या पशुधन विकास अधिकाऱ्याने दोन वर्षे कुठे जायचे? त्याचे घर, मुलांची शाळा, म्हातारे आईवडील इथे आहेत. तो गेला तर दवाखान्याला कुलूप लागते आणि भोवतालच्या गावांची जनावरे वाऱ्यावर पडतात.

इथे दूरशिक्षणाचा विचार करावा लागतो. काही श्रोत्यांना शंका येईल, की डॉक्टरकी पोस्टाने किंवा मोबाइलवर शिकता येते का? शस्त्रक्रिया तशी शिकता येत नाही, हे अगदी खरे. पण साथरोगशास्त्राचा बराचसा भाग नोंदी, मोजदाद, नकाशा आणि तर्क यांवर उभा आहे. त्याला लागणारा कच्चा माल महाविद्यालयाच्या वर्गात नसतो, तो तालुक्याच्या दवाखान्यातल्या रजिस्टरात असतो. विद्यार्थ्याने रात्री धडा वाचावा, सकाळी आपल्याच रजिस्टरातून तीन वर्षांतल्या गाभडलेल्या गाई गावनिहाय काढाव्यात, उन्हाळ्यात जास्त की पावसाळ्यात ते पाहावे, शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लांबलेल्या तापाचे रुग्ण कोणत्या गावचे आहेत ते विचारावे. हाच त्याचा स्वाध्याय. असा स्वाध्याय पुण्या-मुंबईत राहून करता येणार नाही. या एका विषयात तालुक्यात राहणे ही अडचण नसून सोय आहे.

प्रयोगशाळेतले काम, शवविच्छेदन, कत्तलखान्यातली मांसतपासणी मात्र हाताने करूनच येते. त्यासाठी वर्षातून दोन-तीन वेळा आठ-दहा दिवसांची शिबिरे हवीत. ही अट सैल केली तर अशी पदविका कागदाचा तुकडा ठरेल.

जगात ही वाट जुनी आहे. लंडन विद्यापीठाने १८५८पासून बाहेरून परीक्षा देण्याची मुभा दिली. आज त्याच विद्यापीठातर्फे, रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या मार्गदर्शनाखाली, पशुवैद्यकीय साथरोगशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या विषयाची पदव्युत्तर पदवी घरी राहून घेता येते. शुल्क मात्र आपल्याकडच्या पगाराला जड जाते. देशात चेन्नईच्या तमिळनाडू पशुवैद्यक व प्राणिविज्ञान विद्यापीठाने पशुवैद्यकांसाठी दूरशिक्षणाच्या पदव्युत्तर पदविका चालवल्या आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा अन्नसुरक्षा आणि गुणवत्ता व्यवस्थापनाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आपल्या विषयाला अगदी लागून आहे. तरुण पशुवैद्यकांना माझे सांगणे आहे, की प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रम त्या वर्षी सुरू आहे का, विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का आणि बढतीसाठी तो धरला जातो का, हे लेखी विचारून घ्या. पैसे भरल्यावर चौकशी करू नका.

पण माझी खरी आस आहे ती इथल्या अभ्यासक्रमाची. आपल्याकडे काय नाही? परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय १९७२चे, उदगीरचे १९८७चे. दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहेत. नांदेडला आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. सीमेपलीकडे बीदरला कर्नाटकाचे पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. नागपुरात राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. माणूस, जनावर आणि परिसर यांचे आरोग्य एकच आहे, हे आता सरकारनेही मान्य केले आहे. मग उदगीर किंवा परभणीत नाव नोंदवावे, धडे घरी वाचावेत, शिबिर महाविद्यालयात व्हावे, तापाचे रुग्ण कसे तपासतात ते नांदेड-लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात आठवडाभर पाहावे आणि प्रबंध आपल्या तालुक्यावर लिहावा, असा एक वर्षाचा अभ्यासक्रम उभा करणे कठीण नाही. धडे मराठीतही असावेत. शास्त्राची नावे इंग्रजीत राहिली तरी चालेल. पण हा पशुवैद्यक शेवटी गोठ्यात उभा राहून शेतकऱ्याशी बोलणार आहे, आशाताईंशी बोलणार आहे, शाळेतल्या मुलांना कुत्रा चावल्यावर काय करायचे ते सांगणार आहे.

त्या मुलांसाठी इथेही सांगतो. कुत्रा चावला तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. जखमेवर हळद, मिरची, चुना काही लावू नका. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर हा रोग पूर्ण टळतो. ६ जुलै १८८५ला लुई पाश्चर यांनी एका मुलाला पहिल्यांदा ही लस दिली. तो दिवस आज जगभर प्राणिजन्य रोग दिन म्हणून पाळतात. एवढे जुने औषध हाती असताना आपल्या गावात कोणी रेबीजने जावे, हे मनाला फार लागते.

शेतकरी बंधूभगिनींनो, तुमच्याकडूनही मदत हवी आहे. गाय गाभडली तर दवाखान्यात कळवा, लपवू नका. वार हातमोजे घालून उचला आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. जनावर अचानक मेले आणि नाका-तोंडातून न गोठणारे रक्त आले, तर ते सोलू नका, फाडू नका. तो फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, हा रोग असू शकतो. दूध उकळूनच प्या. जनावराला प्रतिजैविक दिले असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालू नका. लांबलेल्या तापाने दवाखान्यात जाल तेव्हा आपल्याकडे जनावरे आहेत, हे न विचारताही डॉक्टरांना सांगा.

आणि माझ्या तरुण सहकाऱ्यांनो, अभ्यासक्रमाची वाट पाहत बसू नका. उद्या सकाळी दवाखान्यातले जुने रजिस्टर काढा आणि गेल्या वर्षभरात गाभडलेल्या जनावरांची गावनिहाय यादी करा. ती यादी घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा. विद्यापीठाने पुढाकार घ्यावा, जिल्हा परिषदेने अभ्यासासाठी रजा आणि शुल्काला हातभार द्यावा, आणि नांदेड-लातूरच्या प्रत्येक तालुक्यात हा विषय नीट शिकलेला निदान एक पशुवैद्यक असावा, ही मागणी आपण सर्वांनी मिळून लावून धरू या.