चर्चचा ऑर्गन आणि साथीची विद्या

ऑर्गनवरून आपल्याकडे वाद झाला तो त्याच्या सुरांचा. तो वाजवणाऱ्याचा विचार मागेच राहिला. त्या वादाचे एक मोठे ठाणे सातारा-सांगलीच होते. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची मदत होती. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले आणि लंडनमध्ये श्रुतिहार्मोनियम घडली. पेटीचे सूर आपल्या संगीताला जुळत नाहीत, हा त्यांचा आक्षेप खराच होता. सप्तकाचे बारा समान भाग केले की पेटीतला शुद्ध गंधार तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा, चढा लागतो. तयार कानाला तो टोचतोच. पण १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मांडूनही ती पेटी रुजली नाही. श्रुती रागागणिक हलते. बावीस पट्ट्या केल्या तरी त्या जागच्या जागीच राहणार.

माझे म्हणणे असे, की ऑर्गन मराठी झाला तो वादकाच्या संयमामुळे. ऑर्गन म्हणजे पायपेटी; तिच्यात भाता पायांकडे असतो, दोन्ही हात मोकळे राहतात आणि गुडघ्याने दांडी दाबली की आवाज फुलतो. एवढे बळ हाताशी असताना गाणाऱ्याच्या मागे राहणे सोपे नाही. चर्चमध्ये तर गाणारे शंभर गळे, त्यांतले बहुतेक न शिकलेले. पाश्चात्त्य चालीच्या गीतात ऑर्गनवाला पहिली ओळ वाजवून स्वर देतो आणि कडव्याअखेर मंडळींना दम घ्यायला उसंत ठेवतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा स्थापन केला. त्यांची अभंग-भजनाच्या वळणाची गीते उपासनेत आली, तसे या वादकाचे काम अवघड झाले. भजनात ध्रुपद फिरून फिरून येते, लय चढत जाते. तिथे चार स्वरांचे भरगच्च मेळ दाबले तर चालच बुडते. षड्ज-पंचम धरून ठेवायचा आणि उजव्या हाताने चालीचा माग काढायचा, एवढेच योग्य.

कोणी म्हणेल, ज्यात मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, नाही ते वाद्य साथीला हवेच कशाला? आकाशवाणीनेही १९४० मध्ये हार्मोनियमला दार बंद केले होते. पण नागठाण्याच्या बालगंधर्वांच्या रंगभूमीवर याच ऑर्गनचा भरदार सूर नाट्यगृह भरून टाकी आणि मींड सारंगी सांभाळी. दरबारी रागातला आंदोलित गंधार ऑर्गनला साधत नाही, हे मान्यच. जाणता वादक तिथे ती पट्टी दाबतच नाही. आता चर्चमध्ये कीबोर्ड आले, त्यांत सूर हवा तसा जुळवता येतो, ठेकाही आयता मिळतो. मात्र तो ठेका मंडळींसाठी थांबत नाही. वृद्धांचा दम संपला तरी पुढेच जातो. म्हणून चर्चनी नव्या वाद्यावर खर्च करताना दोन तरुणांना साथ शिकवण्याचाही खर्च उचलावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.