विचारपूस हाही उपचारच



फुप्फुसाच्या कर्करोगावरील उपचार संपले, तरी रुग्णाची चिंता संपत नाही. रोग पुन्हा डोके वर काढतो तो पुष्कळदा दोन तपासण्यांच्या मधल्या काळात. खोकला वाढतो, भूक मंदावते, वजन घटते. पुढील भेटीची तारीख दूर असते आणि रुग्ण निमूटपणे सोसत राहतो.

फ्रान्समधील डॉ. फाब्रिस दनी यांनी यावर साधी योजना आखली. रुग्णाने दर आठवड्यास १२ लक्षणांची माहिती संगणकावरून कळवावी आणि लक्षणे बळावताच डॉक्टरांस आपोआप सूचना जावी. या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या देखरेखीखालील निम्मे रुग्ण १२ महिन्यांपलीकडे जगले. योजनेतील निम्म्या रुग्णांनी १९ महिन्यांची मर्यादा ओलांडली. रोग उलटला तेव्हा या गटातील अधिक रुग्ण पुढील उपचार झेपण्याइतके सशक्त होते, हे त्यामागील एक कारण.

भारतात २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनीने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची वाट खुली केली आहे. तथापि प्रश्न मातृभाषेत नसेल, वृद्ध रुग्णाजवळ फोन हाताळणारे कोणी नसेल, तर यंत्र मुकेच राहील. तेथे सेवाव्रती कार्यकर्त्याचे काम सुरू होते. आठवड्यातून एकदा त्या घरी जावे, प्रश्न वाचून दाखवावेत, उत्तरे नोंदवावीत. रुग्णालयानेही आलेल्या सूचनेस त्याच दिवशी उत्तर देणारा माणूस नेमावा. एवढे घडले, तरच तंत्रज्ञान रुग्णाच्या उशाशी पोहोचले असे म्हणता येईल.