बेरीज विसरते, गुणाकार विसरत नाही
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



बँकेत मी कॅश काउंटरवर नवीन होतो. एका गर्दीच्या दिवशी घाईत एका स्लिपवर नोटांचा तपशील लिहून घ्यायचा राहिला, नुसती एकूण रक्कम होती. संध्याकाळी शंभर रुपये कमी आले. चूक शोधायची कशी? तपशीलच नाही! पैसे खिशातून भरले. त्या दिवशी कळलं, बेरीज आपले घटक विसरते.

आता गणिताकडे येतो. ५ लाडवांचे ढीग किती प्रकारे करता येतील? ५, ४+१, ३+२, ३+१+१, २+२+१, २+१+१+१, १+१+१+१+१. म्हणजे सात. ढिगांचा क्रम बदलला तरी प्रकार तोच. यांना ५ ची विभाजने म्हणतात. संख्या मोठी झाली की ही भराभर वाढतात. १०० ची विभाजने १९,०५,६९,२९२ आहेत! आपल्या रामानुजन यांनी हार्डींबरोबर १९१८ साली या मोजणीचं सूत्र मांडलं.

आता यातली एक युक्ती सांगतो. मूळ संख्या ओळीने मांडा. पहिली २, दुसरी ३, तिसरी ५, चौथी ७, पाचवी ११. ढिगात १ लाडू असेल तर पहिली मूळ संख्या लिहा, २ असतील तर दुसरी, ३ असतील तर तिसरी. मग सगळ्यांचा गुणाकार करा. ३+१+१ म्हणजे ५×२×२ = २०. २+२+१ म्हणजे ३×३×२ = १८. बेरीज दोन्हींची ५, पण गुणाकार वेगळे.

दोन विभाजनांचा गुणाकार चुकून एकच येईल का? कधीच नाही. क्रम सोडला, तर कुठल्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. आणि क्रमाला ढिगांतही किंमत नाही, गुणाकारातही नाही. म्हणून ही जोडी चपखल बसते.

उलटही जाता येतं. फ्लॅट नंबर १२ घ्या. १२ = २×२×३, म्हणजे १+१+२, हे ४ चं विभाजन. १०१ वाल्यांना मात्र एकच ढीग, २६ लाडवांचा! कारण १०१ ही सव्विसावी मूळ संख्या. मुलांनो, आज घरी गेल्यावर आपापल्या फ्लॅट नंबरचे अवयव पाडून बघा.

माझ्या त्या स्लिपवर असा एक आकडा असता, तर तपशील सापडला असता आणि कदाचित माझे शंभर रुपये वाचले असते!