तुरुंगातल्या बाईचं औषधपाणी कोणाकडे?

(वैजापूर येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून आपण सरकारी दवाखाना, रेशन आणि आरोग्य योजनेचं कार्ड यांवर बोलतो आहोत. प्रत्येकीने आपापल्या गावच्या अडचणी मांडल्या. त्या यादीत एका बाईचं नाव कोणी घेतलं नाही. ती म्हणजे तुरुंगात असलेली बाई. ती आजारी पडली तर तिचा उपचार कोणी करायचा, खर्च कोणी द्यायचा, आणि सुटून आल्यावर तिला आपल्यासारखा योजनेचा लाभ मिळतो का, हा आजचा माझा विषय आहे.

पुरुष तुरुंगात गेला की बायको धावपळ करते. वकील गाठते, दागिने मोडते, दर मुलाखतीला पोरं कडेवर घेऊन दारात उभी राहते. बाई आत गेली की तिच्यासाठी कोण येतं? सासर म्हणतं, आमचा संबंध संपला. माहेर म्हणतं, आम्हाला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. म्हणून बाईची कैद ही बहुधा एकटीची कैद असते, आणि आजारपणात तो एकटेपणा सर्वांत जास्त बोचतो.

आकडे थोडक्यात सांगते. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांमध्ये ५,७३,२२० माणसं होती. त्यात बायका २३,७७२, म्हणजे शंभरात चार. संख्या कमी म्हणून त्यांच्यासाठी वेगळी डॉक्टर नाही, आणि बहुतेकजणी पुरुषांच्याच तुरुंगातल्या एखाद्या बराकीत. एकूण कैद्यांपैकी चार लाख चौतीस हजार कच्चे कैदी होते. म्हणजे चारातले तीन लोक असे, की त्यांचा गुन्हा अजून शाबित झालेला नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. इंग्रजांच्या काळातल्या १८९४ च्या तुरुंग कायद्यानेसुद्धा हे मान्य केलं होतं, की माणूस आत आला की त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी, कोणी आजारी आहे असं दिसलं की ते लगेच जेलरच्या कानावर घालावं, आणि प्रत्येक तुरुंगात दवाखाना किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा असावी. सरकारने माणसाला कोंडून ठेवलं, त्याला स्वतःहून डॉक्टरकडे जाता येत नाही, म्हणून त्याच्या तब्येतीची जबाबदारी सरकारची. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मान्य केलेले नेल्सन मंडेला नियम तर सांगतात, की बाहेरच्या समाजाला मिळतो त्याच दर्जाचा उपचार कैद्याला मिळावा, आणि तो फुकट मिळावा.

म्हणजे कागदावर प्रश्न मिटलेला आहे. प्रत्यक्षात कुठे अडतं?

वैजापूरच्या कोर्टाने न्यायालयीन कोठडी दिली की बाई साधारणपणे हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहात जाते. इथून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. आत गोळी मिळते. पण तपासणी, एक्स-रे, ऑपरेशन म्हटलं की घाटी दवाखाना. तिथे न्यायला पोलीस गार्ड लागतो, बाई असेल तर महिला पोलीस लागते. बंदोबस्त निघाला, सभा निघाली, सण आला, की गार्ड नाही. डॉक्टरने तारीख दिलेली असते, ती टळते, मग पुढची. राज्यातल्या कुठल्याही तुरुंगातून सुटून आलेल्या बाईला विचारा, ती हेच सांगेल.

आणि बाहेरून आणायच्या औषधाची चिठ्ठी हातात पडली तर? आपल्यासोबत भाऊ असतो, मुलगी असते. हिच्यासोबत फक्त काठी घेतलेली शिपाई.

एका बाईची हकीकत सांगते. गाव आणि नाव सांगत नाही. आपल्याच ओळखीच्या एका मुलीचा सासरी जळून मृत्यू झाला. हुंडाबळीची केस झाली. आपण मुलीच्या आईवडिलांच्या बाजूने उभ्या राहिलो, आजही आहोत. त्या केसमध्ये सासू आत गेली. वय साठीच्या पुढे, मधुमेह जुना. पायाला जखम झाली. दोनदा मोठ्या दवाखान्याची तारीख ठरली, दोन्ही वेळा गार्ड मिळाला नाही. तिसऱ्या खेपेला नेलं तेव्हा अंगठा काढावा लागला. पुढे जामीन झाला. जखम पुन्हा चिघळली, म्हणून तिला योजनेतल्या एका खाजगी रुग्णालयात नेलं. आरोग्यमित्राने रेशन कार्ड मागितलं. तर त्यावर तिचं नावच नव्हतं. थोरल्या सुनेने कार्ड वेगळं केलं होतं, आणि म्हातारीला कोणी धरलं नव्हतं.

तेव्हा आपल्याच एका कार्यकर्तीने मला विचारलं, "ताई, त्या मुलीला जिने छळलं, तिच्यासाठी आपण कशाला पळायचं?" प्रश्न रास्त आहे, रागही रास्त आहे. मी तिला म्हटलं, तिने छळलं की नाही ते कोर्ट ठरवेल, आणि ठरलं तर कैद होईल. कायद्यात शिक्षा कैदेची आहे, पाय कापण्याची नाही. आज आपण म्हटलं, की हिला उपचार नको, ही वाईट आहे, तर उद्या नवऱ्याचा मार सहन न होऊन हातात विळा घेतलेली बाई आत जाईल, तेव्हा दुसरं कोणी हेच म्हणेल. उपचाराचा हक्क चांगल्या बाईला आणि वाईट बाईला वेगळा करता येत नाही.

आता त्या रेशन कार्डाकडे वळते, कारण खरी मेख तिथे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आधी पिवळ्या-केशरी कार्डांसाठी होती. आपला जिल्हा आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत असल्यामुळे इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही त्यात घेतलं गेलं. २०२३ च्या शासन निर्णयाने ती सर्व रेशन कार्डांना लागू करायचं ठरलं, आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. ही चांगली गोष्ट आहे. पण योजना उभी आहे कुटुंबावर आणि कार्डावर. तुरुंगातल्या बाईला दारातून कोणी "तू कैदी आहेस, जा" असं म्हणत नाही. तिला कागद विचारतात, आणि कागद घरच्यांच्या ताब्यात असतो. त्यात आता कार्डावरच्या प्रत्येकाचा अंगठा रेशन दुकानात मागतात. तुरुंगातली बाई अंगठा कुठे देणार? म्हणजे आत असताना ती सरकारची जबाबदारी, पण गार्ड नाही. बाहेर आल्यावर ती योजनेची लाभार्थी, पण नाव नाही.

सरकारला हे सुचत नाही असं नाही. अनाथालयातली मुलं, महिला आश्रमातल्या बायका, वृद्धाश्रमातले म्हातारे यांच्यासाठी या योजनेत वेगळी सोय केली गेली, कारण त्यांच्याजवळ कुटुंबाचं कार्ड नसतं. मग तुरुंगातल्या आणि नुकत्याच सुटलेल्या बाईसाठी तशीच सोय नावानिशी का नको?

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही हा घोळ आहे. तिथे गरिबांसाठी १९६५ पासून मेडिकेड नावाची योजना आहे. माणूस तुरुंगात असेपर्यंत, बाहेरच्या रुग्णालयात भरती झाल्याखेरीज, केंद्राचा पैसा त्याच्या उपचाराला मिळत नाही. सुटल्यावर कार्ड पुन्हा चालू होईपर्यंत औषध बंद. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया राज्याला पहिल्यांदा परवानगी मिळाली, की सुटकेच्या आधीच्या नव्वद दिवसांपर्यंत काही उपचार या योजनेतून सुरू करता येतील. यातलं घेण्यासारखं एवढंच, की सुटकेनंतरची तयारी सुटकेच्या आधी करावी लागते.

गरोदर बायका आणि लेकरं यांच्याबद्दल सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय केसमध्ये स्पष्ट सांगितलं आहे. गरोदर बाईची तपासणी व्हावी, बाळंतपण शक्यतो तुरुंगाबाहेरच्या रुग्णालयात व्हावं, बाळाच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहू नये, सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं, आणि त्याच्या आहाराची व औषधाची सोय व्हावी. २०२२ च्या अखेरीस देशात १,७६४ मुलं आईसोबत तुरुंगात होती. त्यांनी कोणता गुन्हा केला?

त्याच्याही आधी, १९८३ मध्ये, शीला बर्से यांनी मुंबईतल्या कोठडीतल्या बायकांची दैना सुप्रीम कोर्टापुढे मांडली. कोर्टाने सांगितलं, की बायकांच्या कोठडीवर महिला पोलीस हवी, आणि अटक केलेल्या माणसाला हजर केल्यावर मॅजिस्ट्रेटने विचारावं, मारहाण झाली का, आणि तपासणीचा तुझा हक्क आहे हे सांगावं. एका बाईच्या पत्रावरून हे झालं, हे लक्षात ठेवा.

मग आपण वैजापुरात काय करू शकतो?

एक. ओळखीच्या बाईला अटक झाली की पहिल्याच हजेरीत तिचा आजार आणि चालू औषधं वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटच्या नोंदीत आणायची. जुनी चिठ्ठी जोडायची. तोंडी सांगितलेलं विरून जातं.

दोन. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज. १९८७ च्या कायद्याने बाईला आणि कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जामिनाच्या अर्जात बाई असणं आणि आजारी असणं ही दोन्ही कारणं मांडायची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही कोर्टाला त्याचा विचार करता येतो.

तीन. गार्डअभावी तारीख चुकली, तर कोर्टाला लेखी कळवायचं. दोनदा चुकली तर दोनदा कळवायचं.

चार. तिचं नाव रेशन कार्डावरून कमी होऊ द्यायचं नाही. झालंच असेल, तर तहसीलच्या पुरवठा विभागात अर्ज करून पोच घ्यायची. आधार आणि अंगठ्याचं काम तुरुंगातच शिबिर लावून व्हावं, ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यायची.

पाच. सुटताना तिच्या हातात उपचाराचे कागद आणि काही दिवसांचं औषध पडलं पाहिजे. क्षयाची गोळी मध्येच तुटली तर काय होतं, ते आपण जाणतो. पुढचा उपचार आपल्या उपजिल्हा रुग्णालयात सुरू करायचा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत केलेले आहेत, तिथे रेशन कार्डावाचून अडायचं कारण नाही.

ही कामं मोठी नाहीत. एक अर्ज, एक पोच, एक फेरी. पण तुरुंगातल्या बाईला स्वतः फेरी मारता येत नाही. शिबिर संपायच्या आत तालुक्यातून आत गेलेल्या बायकांची यादी करू. कोणाच्या माहितीत कोणी असेल तर लाजू नका, सांगा. ती सून असो की सासू, यादीत दोघींचीही नावं येऊ द्या.